पाणी पिऊन येते

सिल्वासा,
रविवार, १२ मार्च १९९५

प्रिय आई,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. सहा ओळींतल्या चार माझ्या जेवणाबद्दल, एक गॅसच्या नंबराबद्दल आणि शेवटची नेहमीची, ‘माझं ठीक आहे.’ माझंही ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, खोली बदललेली नाही. होळीला येणार नाही, कारण शुक्रवारी सुट्टी असली तरी शनिवारी कंपनी चालू आहे. एवढं कार्डावर मावलं असतं. आज लिफाफा घेतला, कारण सांगायचं जरा लांब आहे आणि क्रमाने सांगितलं नाही तर ते तुझ्याबद्दल नाही असं समजून तू पत्र डब्यांच्या हिशेबाच्या वहीत सारून देशील.

तू शेजारी सांगतेस की मुलगी मसाटला कंपनीत साहेब आहे. तसं नाही. मी कामाचा वेळ मोजते. आमच्याकडे पॉलिएस्टरचा धागा तयार होतो आणि पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळला जातो. त्या गुंडाळीला कोन म्हणतात. अकरा बायका लांब टेबलाशी उभ्या राहून एकेक कोन फिरवून बघतात, डाग किंवा तुटका धागा नाही ना ते तपासतात, पिशवीत घालतात आणि बारा कोन झाले की खोकं बंद करतात. पाळी आठ तासांची. टेबल उंच आहे, कोन जड आहे, बसून हे काम होत नाही. बहुतेकजणी नंदुरबार-शहाद्याकडच्या, दोघी-तिघी तलासरीच्या. बोलणं तीन भाषांचं मिळून असतं आणि मला त्यातलं आता बहुतेक सगळं कळतं. सगळ्यांत वडील भिमाबाई, वय सेहेचाळीस, म्हणजे तुझ्याहून सहा वर्षांनी लहान. राखोलीला चाळीत राहते, कंपनीच्या टेम्पोने येते. नवरा गावी असतो आणि पोस्टाने पत्र पाठवतो, ते ती मला वाचायला देते. त्यातही शेवटची ओळ ‘माझं ठीक आहे’ अशीच असते.

त्र्याण्णवच्या जूनमध्ये मला सांगण्यात आलं की या बायकांच्या ओळीचं उत्पादन वाढलं पाहिजे. मी तेच केलं जे आधी तुझ्या स्वयंपाकघरात केलं होतं. डिप्लोमाचा शेवटचा प्रोजेक्ट तुला आठवत असेल. तीन सकाळी मी दारात स्टूल टाकून बसले होते आणि तू बावीस डब्यांचा स्वयंपाक करत होतीस. बाबा गेल्यापासून तू ते डबे करतेस, पण तोपर्यंत मी तुझ्याकडे काम म्हणून बघितलं नव्हतं. स्टोव्ह जमिनीवर, समोर पाट, पिठाचा डबा बाहेरच्या खोलीत, भरलेली भांडी मोरीत आणि नळ गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत एक. तू जिथे जिथे जात होतीस तिथे मी नकाशावर टाचणी रोवली आणि प्रत्येक खेपेला एका टाचणीपासून दुसरीपर्यंत दोरा ओढला. याला दोरा-आकृती म्हणतात. शेवटी दोरा सोडवून मोजायचा. जितका दोरा, तितकं माणूस चाललं. नकाशाच्या प्रमाणात तुझा एका सकाळचा दोरा साडेनऊशे मीटर भरला. सगळ्यांत जाड झाला तो नळाच्या टाचणीपाशी. नळाला पाणी सहा ते साडेसात, आणि तू दहा वाजताही, पोळ्या अर्ध्यावर टाकून, ‘जरा नळ बघून येते’ म्हणून उठत होतीस. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, पाणी नसताना ही बाई नळाकडे का जाते? मी म्हटलं, सवय. सगळे हसले, मीही हसले. त्या प्रोजेक्टला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

नोकरी लागल्यावर पहिलं काम मी ओट्याचं केलं. शेगडी कमरेच्या उंचीवर, पीठ डावीकडे, तेल-मीठ समोरच्या फळीवर, नळ भिंतीतून आत. पोळपाटापासून तव्यापर्यंत पन्नास सेंटिमीटर. नवी आकृती काढली तेव्हा दोरा सत्तर मीटर भरला. गवंडी गेल्यावर तू ओट्यापाशी उभी राहिलीस, हात इकडून तिकडे फिरवून बघितलास आणि म्हणालीस, ‘सगळंच हाताशी. आता मला पाय कशाला हवेत!’ मी ते कौतुक म्हणून धरलं.

मसाटला बायकांचा दोरा माणशी एकोणीसशे मीटर होता. खोकी शेडच्या दुसऱ्या टोकाला, पिशव्या स्टोअरच्या खिडकीत आणि पिण्याच्या पाण्याचा माठ दाराबाहेर पत्र्याच्या पडवीत, टेबलापासून छत्तीस मीटरवर. दिवसातून दहा-अकरा वेळा प्रत्येकजण ‘पाणी पिऊन येते’ म्हणायची आणि जायची. माझ्या तक्त्यात ‘कारण’ असा रकाना असतो. त्यात मी ‘तहान’ असं लिहिलं. शेडमध्ये उकडतं, तेव्हा त्यात चूक वाटली नाही. मग पाण्याचे दोन ड्रम टेबलाच्या मागेच आणून ठेवले, खोकी आपोआप सरकत येतील अशी उतरती चौकट करून घेतली, पिशव्या हाताशी टांगल्या. दोरा एकोणीसशेचा अडीचशे झाला. माणशी चारशे दहा कोन होत होते, ते पाचशे वीस झाले. आमचे मॅनेजर नंदकुमार साहेब पुण्याचे. त्यांनी माझ्या दोन्ही आकृत्या, आधीची आणि नंतरची, ऑफिसच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या. डावीकडची कोंबड्यांनी विसकटलेल्या सुतासारखी दिसते, उजवीकडची स्वच्छ. दीड वर्ष मी रोज त्यांच्याखालून जात होते.

गेल्या नोव्हेंबरात, दिवाळीहून परत आल्यावर, मी पहिल्यांदा त्या ओळीकडे खालून वर पाहिलं. त्याआधी हातांकडेच पाहत असे, कारण वेळ हातांचा मोजायचा असतो. पायांकडे का पाहिलं ते नंतर लिहिते. जेवणाच्या सुट्टीत भिमाबाई नळावर पाय धूत होती. घोट्याच्या वर आणि गुडघ्याच्या मागे बारीक लाल-निळ्या रेषा, एका ठिपक्यापासून सुटलेल्या, नकाशात नद्या आणि त्यांचे ओढे दाखवतात तशा. बायका त्याला ‘जाळं’ म्हणतात. चारजणींना होतं. मी वही काढून विचारलं, कधीपासून? भिमाबाईने वहीकडे बघितलं, मग माझ्या मनगटाकडे. ‘पायले इचार ना ताई, घड्याळले काय इचारस?’ प्रमिला, तलासरीची, ओळीतली सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत तोंडाळ, म्हणाली, ‘ताईंनी पाणी आणलं ना, तवापासून.’

मी ते शब्दशः घेतलं. ड्रमच्या पाण्याचा नमुना तपासायला पाठवला. आठ दिवसांनी अहवाल आला, पाणी उत्तम. तो कागद मी त्यांना वाचून दाखवला तेव्हा भिमाबाई हसत हसत खोक्यावर बसली आणि खोकं चेपलं. ‘ताई, तहान कोणाला लागेल व्हती?’ मग त्यांनी समजावलं, एखाद्या लहान मुलीला समजावतात तसं. पाय जड झाले की ‘पाणी पिऊन येते’ म्हणायचं. पाय दुखतात म्हटलं तर सुपरवायझर नाव लिहून घेतो. पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. छत्तीस मीटर जायचं, छत्तीस यायचं, माठातलं एक घोटभर प्यायचं किंवा नुसतं पडवीत उभं राहून टाचा वर-खाली करायच्या. मी पाणी तोंडाशी आणलं आणि त्यांना जागेवरून हलायला कारण उरलं नाही. इतकं सोपं होतं. दीड वर्ष माझ्या तक्त्यात ते चुकीच्या रकान्यात होतं.

त्याच आठवड्यात नंदकुमार साहेबांनी गैरहजेरीची यादी काढली. तीन महिन्यांत भिमाबाईचे अकरा खाडे होते, सगळे पायांमुळे. तिच्या नावापुढे त्यांनी पेन्सिलने ‘बदली बघा’ असं लिहिलं होतं. बदलीला जागा कुठेच नव्हती, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. त्याचा अर्थ घरी पाठवणं. पेन्सिल होती, एवढंच.

मी भिमाबाईला घेऊन सिल्वासातल्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पाय दाबून बघितले आणि सरळ सांगितलं. आई, हे नीट वाच, इथे मी काही वाढवलेलं नाही. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो. तो आवळला की रक्त वर ढकललं जातं, आणि शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या ते खाली परत येऊ देत नाहीत. हे मला लगेच कळलं, कारण विहिरीवरचा पंप असाच असतो. माणूस चाललं की पंप चालतो. एका जागी उभं राहिलं की पंप बंद, आणि सगळा भार झडपांवर आणि शिरांच्या भिंतींवर. बारीक शिरा फुगतात आणि त्वचेखाली दिसू लागतात. तासन्‌तास खुर्चीवर बसूनही तेच होतं. त्या म्हणाल्या, आहेत त्या रेषा जाणार नाहीत, कोणी मलम विकलं तर घेऊ नका. नव्या होणं पुष्कळ अंशी लांबवता येतं. अर्ध्या तासाच्या वर एका जागी उभं राहायचं नाही. जागेवरून हलता येत नसेल तर टाचा उचलायच्या, वीस वेळा. दुपारी दहा मिनिटं पाठ टेकून पाय छातीच्या वर. गुडघ्याखाली काहीही आवळून बांधायचं नाही. वजन वाढू द्यायचं नाही, मीठ बेताने. संध्याकाळी पायांवर गार पाणी. पाय एकदम सुजला, एका बाजूनेच दुखला किंवा लाल-गरम झाला तर मात्र घरगुती काही न करता दाखवायचं. मग म्हणाल्या, हे आईकडून मुलीकडे येतं पुष्कळदा. भिमाबाईच्या आईला होतं. त्यांनी सहज माझ्याकडे वळून विचारलं, ‘तुमच्या आईंना आहे का?’ मी म्हटलं, माहीत नाही.

नंदकुमार साहेबांशी माझं बोलणं दहा मिनिटांचं झालं. मी सांगितलं की माझी मांडणी चुकली आहे. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं, ‘ही? ही चुकली? मग एवढे कोन काय हवेतून निघतात?’ शेवटी मांडणी बदलून बघायला तेरा आठवडे मिळाले. अट अशी की माणशी कोनांची सरासरी पाचशेच्या खाली जाता कामा नये. गेली तर सगळं पूर्वीसारखं, आणि भिमाबाईच्या नावापुढची पेन्सिल शाईची होणार. मी ती अट लिहून घेतली आणि त्यांची सही घेतली. भिमाबाईला पण सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मन्हा पायवर सगळ्यास्नी पैज लावी?’ मी म्हटलं, हो.

बारा डिसेंबरला सुरू केलं. ड्रम काढून माठ पुन्हा पडवीत नेला. टेबलाखाली वीतभर उंचीची फळी लावली, आळीपाळीने एक पाय तिच्यावर ठेवायला. बायका सलवारीचे पायचे आणि साडीचे काठ वर घेऊन पोटरीला खोक्यांचे रबर लावत होत्या, ते बंद केले आणि पिना दिल्या. प्रत्येक खोकं भरलं की वीस वेळा टाचा. जेवल्यावर दहा मिनिटं रिकाम्या खोक्यांवर पाय. मंजुळाबाई म्हणाली, पुरुषांसमोर पाय वर करून पडायचं नाही, मेले तरी नाही. तिचं बरोबर होतं आणि मला ते सुचलं नव्हतं. गोणपाटाचा पडदा लावला. पहिल्या दिवशी प्रमिला प्रत्येक खोक्याला ‘टाचा!’ असं ओरडत होती आणि अकराजणी एकदम वर-खाली होत होत्या. सुपरवायझर कल्पेशभाई दारात थांबून म्हणाला, ‘अरे बेन, आ शुं? गरबा चालू?’ फळीवर एक पाय ठेवलेल्या बघून लोडिंगवाले या ओळीला बगळ्यांची ओळ म्हणू लागले. प्रमिलाने त्यांना सांगितलं, ‘बगळे मासे खातात, ध्यानात ठेवा.’

पहिल्या आठवड्यात सरासरी चारशे साठवर आली. मी हे अपेक्षिलं होतं, पण आकडा कागदावर वेगळा दिसतो. शिवाय मोजायचा होता पायही. रेषा मोजता येत नाहीत, सूज येते. सकाळी कामाला लागताना आणि पाळी सुटताना घोट्याच्या चार बोटं वर घेर किती, एवढंच. टेप एकच होता आणि बायकांना तो शिंप्यासारखा गुंडाळून घ्यायला लाज वाटत होती. म्हणून मी म्हटलं, धागा गुंडाळा, टोक मिळतं तिथे कापा, मला द्या. धाग्याचा कारखाना आहे, धागा पायलीने पडलेला असतो. सकाळचा पांढरा, संध्याकाळचा निळा. प्रमिला म्हणाली, ‘पैंजणं घडवणार का, ताई? मला घुंगरवाली.’ आठवडाभर धागे जमवले आणि मोजले तर काहीच जुळेना. एकीचा पाय संध्याकाळी बारीक होत होता. मी वजाबाकी तीनदा तपासली. भिमाबाईने माझ्या हातातून धागा घेतला, दोन बोटांत धरून ओढला आणि सोडला. तो लांब झाला आणि परत आला. आमचा धागा ताणला जाणारा असतो, तोच त्याचा गुण. किती ताणला जातो हे रोज तपासून रजिस्टरला लिहिणारी मी. भिमाबाईने धागा अजून एकदा ओढून दाखवला. त्यानंतर खोक्यांची लेबलं बांधायचा सुती दोरा वापरला.

डिसेंबरअखेर सकाळ-संध्याकाळचा फरक सरासरी अकरा मिलिमीटर होता. कोन चारशे ऐंशी. जानेवारीत हात बसला, पाचशे, पाचशे पाच. संक्रांतीच्या आठवड्यात तिघी गावाला गेल्या आणि पुन्हा खाली. फेब्रुवारीत मी एकदा बघितलं की भिमाबाई माठाकडे जातच नाही. सरासरी राखायला ती फेऱ्या वाचवत होती. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की तू गेली नाहीस तर माझे आकडे खोटे ठरतात. तिने तोंड वाकडं केलं, ‘तुना आकडा का मन्ही नोकरी, काय वाचाडू?’ माझा आकडा की तिची नोकरी, काय वाचवायचं, असं. मग ती स्वतःच मोठ्याने, सबंध शेडला ऐकू जाईल असं, ‘पाणी पिऊन येते’ म्हणाली आणि गेली. येताना माझ्यासाठी फुलपात्रभर पाणी घेऊन आली. मला तहान नव्हती. मी प्यायले.

काल तेरा आठवडे झाले. पायांचा फरक सहा मिलिमीटरवर आला. ज्या सातजणींना जाळं नव्हतं त्यांना अजून नाही, पण तेरा आठवड्यांत त्यावरून काही सिद्ध होत नाही आणि मी तसं लिहिलंही आहे. चौघींच्या रेषा होत्या तिथेच आहेत. कोनांची सरासरी चारशे सत्त्याण्णव. तीन कमी. मी अहवाल तसाच टाइप केला आणि नंदकुमार साहेबांपुढे ठेवला. त्यांनी आकडा बघितला, चष्मा काढला. ‘पहिला आठवडा सरावाचा म्हणून वगळला असतास तर बसलं असतं. का नाही वगळलास?’ मी म्हटलं, आधी तसं ठरलं नव्हतं. ‘तू अवघड बाई आहेस,’ असं म्हणून त्यांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. आधीच्या तेरा आठवड्यांत या ओळीचे एकेचाळीस खाडे होते, या तेरांत सतरा. भिमाबाईचा एक, तोही मुलीच्या बाळंतपणाचा. त्यांनी हे दोनदा मोजलं. मग उठून शेडमध्ये गेले, टेबलापाशी थोडं थांबले, तिथून पडवीपर्यंत चालत गेले, माठातलं पाणी प्यायले आणि परत आले. ड्रॉवरमधून यादी आणि खोडरबर काढून भिमाबाईच्या नावापुढचं ‘बदली बघा’ पुसलं. मला म्हणाले, भिंतीवरची उजवीकडची आकृती काढून टाक, तिसरी काढ. तिसरी अजून काढायची आहे. तिच्यातला दोरा पंधराशे मीटर भरेल असा अंदाज आहे.

आज सकाळी हे सांगायला मी राखोलीला गेले. उद्यापर्यंत थांबता आलं असतं. भिमाबाई दमणगंगेवर कपडे धूत होती, पाय पाण्यात. मी सांगितलं. तिने हातातली चादर पूर्ण पिळली, खडकावर टाकली आणि मग विचारलं, सतरा खाडे कोणाचे कोणाचे? अजून तीन महिने पाय मोजणार का? प्रमिलाला पैंजण कधी? सगळ्याची उत्तरं दिली. निघताना तिने मागून विचारलं, ‘आमना पाय तू मोजस. तुन्ही मायना पाय कोन मोजस?’ तुझ्या आईचे पाय कोण मोजतं, असं. तिला काही माहीत नव्हतं, सहज विचारलं असावं. मी खोलीवर आले आणि लिहायला बसले.

तेव्हा आता ते कारण, मी पायांकडे का पाहिलं त्याचं. डॉक्टरबाईंना मी ‘माहीत नाही’ म्हटलं, ते खरं नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तू वरच्या फळीवर पणती ठेवायला टाचा उंचावल्यास, तेव्हा साडी वर गेली आणि मी पाहिलं. दोन्ही पायांवर, घोट्यापासून पोटरीपर्यंत, भिमाबाईपेक्षा जास्त. मी बघते आहे हे तुझ्या लक्षात आलं. तू साडी खाली ओढलीस आणि मी कॅलेंडरची तारीख बघितली. दुसऱ्या दिवशी मी निघाले. ओटा होऊन साडेचार वर्षं झाली, डबे सव्वीस झाले, म्हणजे रोज सहा तास तू सत्तर मीटरच्या आत उभी आहेस. हे गणित मी बसमध्येच केलं होतं. सगळा दोष ओट्याचा नाही, थोडं तुझ्या आईकडून आलं असेल, माझ्याही डाव्या गुडघ्यामागे एक रेघ आहे. पण तू नळाकडे का जात होतीस हे मी सरांना चुकीचं सांगितलं होतं. मांडणी माझी होती, चूक माझी आहे. पिठाचा डबा बाहेरच्या खोलीत ने. पोळ्या पाटावर बसून लाट, मधेमधे ऊठ. दुपारी पाय उशीवर ठेवून पड, कोणी आलं तरी उठू नकोस. लिफाफ्यात सुती दोऱ्याचे दहा तुकडे आहेत, पाच पांढरे, पाच निळे. घोट्याच्या चार बोटं वर गुंडाळायचा, न ओढता, जिथे मिळतो तिथे कापायचा. सकाळी पांढरा, डबे गेल्यावर निळा, पाच दिवस. सोबत तिकीट लावलेला लिफाफा ठेवला आहे. पायांबद्दल काही लिहू नकोस, ‘ठीक आहे’ तर अजिबात नको, नुसते दोरे पाठव. आणि स्वयंपाक अर्ध्यावर टाकून नळ बघून येत जा. गॅलरीतला. पाणी आलेलं नसलं तरी.

तुझीच,
सुप्रिया